‘शॅडो’ कुठून वाचायला घ्यावा? दर बुधवारी एक, असा आठ आठवड्यांचा बेत

काही वर्षांपूर्वी मी ऑनलाइन ‘द शॅडो’ या अमेरिकन कॉमिकचा पहिला अंक मागवला. मला हवा होता 1973चा, मायकेल कलुटाच्या चित्रांचा. पाकीट फोडलं तर आत 2017चा पहिला अंक. विकणाऱ्याची काही चूक नव्हती. जाहिरातीत साल लिहिलेलं होतं, मीच ‘अंक 1’ एवढं वाचून बटण दाबलं होतं. घरी आल्यावर मोजायला बसलो, तर या नावाचे ‘पहिले अंक’ निदान सहा निघाले: 1964, 1973, 1986, 1987, 2012 आणि 2017.

नव्या माणसाची गाडी अडते ती इथेच. पात्र जवळजवळ शंभर वर्षांचं, प्रकाशक पाच-सहा, आणि प्रत्येकाने पुन्हा एकपासून सुरुवात केलेली. लहानपणी इंद्रजालमधला वेताळ वाचलेल्या, घरातल्या कपाटात बाबूराव अर्नाळकरांचा काळा पहाड सापडलेल्या वाचकाला बुरखाधारी, स्वतःच न्याय करणारा नायक नवा नाही. अडचण असते ती धागा कुठे पकडायचा ही. आमच्या सात-आठ जणांच्या गटात दर बुधवारी एकाने एक कॉमिक सुचवायचं असा नेम आहे. बुधवार का, तर अमेरिकेत दुकानांमध्ये नवी कॉमिक्स बुधवारी येतात, म्हणून आम्हीही तोच वार धरला. माझी पाळी आली तेव्हा मी सलग आठ बुधवार शॅडोचेच लावले. त्या वेळी जे जमलं आणि जे फसलं, त्यावरून हा बेत.

आधी दोन शॅडो वेगळे करा

शॅडोचा जन्म कागदावर झालेला नाही. 1930च्या जुलैअखेरीस स्ट्रीट अँड स्मिथ या न्यूयॉर्कच्या प्रकाशकांनी आपल्या गुप्तहेरकथांच्या मासिकाचा खप वाढावा म्हणून रेडिओवर एक कार्यक्रम सुरू केला. त्यात कथा सांगणाऱ्या गूढ आवाजाला ‘शॅडो’ म्हणत. झालं भलतंच. लोक मासिकाच्या स्टॉलवर जाऊन त्या आवाजाचं मासिक मागू लागले, आणि असं मासिक तर नव्हतंच! मग एप्रिल 1931मध्ये ते काढलं. किंमत 10 सेंट. लिहायला घेतलं वॉल्टर गिब्सनला. हा मूळचा जादूचे प्रयोग जाणणारा माणूस, आणि मॅक्सवेल ग्रँट हे त्याचं प्रकाशकांनी दिलेलं टोपणनाव. पहिल्या अंकासाठी नवं मुखपृष्ठही काढलं नाही. जुन्या मासिकाचं एक चित्र पडून होतं, त्यात एक चिनी माणूस होता. तेव्हा गिब्सनला सांगितलं, गोष्टीत चिनी प्रसंग घाल. पल्पचा, म्हणजे स्वस्त कागदावरच्या कथामासिकांचा, धंदा कसा चाले हे यावरून कळावं. पुढे मासिक महिन्यातून दोनदा निघू लागलं. 1949 साली ते बंद पडेपर्यंत 325 कादंबऱ्या झाल्या, त्यातल्या 282 एकट्या गिब्सनच्या.

या कादंबऱ्यांतला शॅडो अदृश्य होत नाही. काळा झगा, रुंद काठाची हॅट, दोन .45 पिस्तुलं, आणि अंधारात मिसळून जाण्याची जादूगाराची हातचलाखी, एवढंच त्याचं भांडवल. खरं नाव केंट अलार्ड, पहिल्या महायुद्धातला वैमानिक. लॅमाँट क्रॅन्स्टन हा श्रीमंत गृहस्थ निराळाच आहे, शॅडो त्याचं सोंग घेतो.

1937मध्ये रेडिओवर शॅडोची स्वतःची नाटकं सुरू झाली आणि सगळं बदललं. पहिल्या वर्षी आवाज होता ऑर्सन वेल्सचा. रेडिओवर अंधारात लपलेला माणूस दाखवणार कसा? मग त्याला समोरच्याच्या मनावर पडदा टाकून अदृश्य होण्याची विद्या दिली, पूर्वेकडून शिकून आलेली. क्रॅन्स्टन हेच त्याचं खरं नाव ठरवलं, आणि सोबतीला मार्गो लेन आणली. ती कादंबऱ्यांत उगवली पुढे 1941मध्ये.

ही भानगड एकदा डोक्यात बसली की कुठलंही शॅडो कॉमिक हातात घेऊन दोन मिनिटांत सांगता येतं की ते कुठल्या घराण्याचं आहे. अलार्ड हे नाव येतं का? तो माणसांच्या मनात शिरतो, की नुसता दिवा विझवतो? बहुतेक कॉमिक्समध्ये दोन्हींची भेळ असते. कुठलं प्रमाण जास्त, ते बघायचं.

माझी एकच कसोटी

पहिल्या कादंबरीची सुरुवात बघा. धुक्यात एक तरुण पुलावरून उडी मारायच्या बेतात आहे, हॅरी व्हिन्सेंट नावाचा. कुणीतरी त्याला मागे खेचतं आणि सांगतं, तुझा जीव आता माझा. इथून पुढे आपण गोष्ट बघतो ती हॅरीच्या डोळ्यांनी. शॅडोच्या डोक्यात काय चाललंय हे आपल्याला कळत नाही. शॅडोची माणसं म्हणजे टॅक्सीवाला मो श्रेव्हनिट्झ, बातमीदार क्लाइड बर्क, निरोप पोचवणारा बरबँक. तीच पळतात, फसतात, मार खातात. तो येतो शेवटी, आणि आला की गोळ्या चालतात.

म्हणून माझी कसोटी: ज्या कॉमिकमध्ये शॅडो कमी दिसतो आणि त्याची माणसं जास्त दिसतात, ते बहुतेक वेळा चांगलं निघतं. तो पानोपानी दात विचकत, स्वतःच्या दुःखाबद्दल बोलत बसला की समजायचं, लेखकाला बॅटमॅन लिहायचा होता. 1964चे आर्ची या प्रकाशकाचे आठ अंक तर सोडूनच द्या. पुढे पुढे त्यात त्याला निळा-हिरवा घट्ट पोशाख घालून चक्क सुपरहिरो केलं. गंमत म्हणून एखादं मुखपृष्ठ बघा, पैसे घालू नका.

आठ बुधवार

पहिल्या बुधवारी कॉमिक सुचवूच नका. वेल्सच्या काळातला अर्ध्या तासाचा एक रेडिओ भाग ऐकायला सांगा. शेवटी येणारं ते हसणं कानात बसल्याशिवाय चित्रातलं हसणं ऐकू येत नाही. आमच्यातल्या एकीने तो भाग भांडी घासताना ऐकला आणि म्हणाली, आकाशवाणीवरच्या श्रुतिकांची आठवण झाली. बरोबर आहे, तोच ऐकण्याचा सराव इथे कामी येतो.

दुसऱ्या बुधवारी थेट डीसीचे, म्हणजे बॅटमॅनच्याच प्रकाशकाचे, 1973चे अंक. यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. डेनिस ओ’नीलचं लेखन, मायकेल कलुटाची चित्रं. मालिका दर दोन महिन्यांनी निघे, 12 अंकांत आटोपली, आणि त्यातले कलुटाचे फक्त पाच: 1 ते 4 आणि 6. पण शॅडो दिसतो कसा, हे ठरलं ते याच पाच अंकांत. वाचताना घाई करू नका. आधी फुगे न वाचता नुसती पानं उलटा. शॅडो चौकटीत कुठे उभा आहे ते बघा. बरेचदा तो कोपऱ्यात असतो, नाहीतर वर कुठेतरी कठड्यावर, किंवा फक्त झग्याचा एक फलकारा आणि गरुडासारखं नाक. मोठी जागा मिळते ती शहराला: तीसच्या दशकातलं न्यूयॉर्क, लोखंडी जिने, गोदीवरचं धुकं, लांब नाकाच्या मोटारी. मग दुसऱ्यांदा, मजकुरासकट वाचा. कथा साध्याच आहेत, पाचवीचा मुलगाही पुढचं ओळखेल. पण ओ’नीलने एक शहाणपण केलं, शॅडोला फार बोलू दिलं नाही.

पाचवा अंक उघडलात की धक्का बसेल, कारण तिथे फ्रँक रॉबिन्स येतो. जाड कुंचला, वाकडीतिकडी माणसं, काळ्या शाईचे गठ्ठे. आमच्या गटात यावरून दोन तट पडले. माझं मत असं, की कलुटानंतर लगेच वाचला तर रॉबिन्स आवडत नाही. महिनाभराने वाचा. मारामारीतला त्याचा वेग कलुटाला कधी जमला नाही.

तिसऱ्या बुधवारी एकच अंक: बॅटमॅन 253, नोव्हेंबर 1973. लेखक पुन्हा ओ’नील. यात बॅटमॅन शॅडोला भेटतो आणि आपली प्रेरणा तोच होता हे कबूल करतो. ही नुसती गोष्टीतली नम्रता नाही. मे 1939मध्ये डिटेक्टिव्ह कॉमिक्स 27मध्ये आलेली बॅटमॅनची पहिलीच गोष्ट बिल फिंगरने शॅडोच्या कादंबरीवरून उचललेली आहे. 1936ची ‘पार्टनर्स ऑफ पेरिल’, लेखक थिओडोर टिन्सले. रसायनांच्या धंद्यातले भागीदार एकेक करून मरतात, दोन्हीकडे तेच. बॅटमॅन कोळून प्यायलेल्या मित्राला शॅडोकडे ओढायचं असेल तर हा बुधवार पहिला आणलात तरी चालेल.

चौथा बुधवार: हॉवर्ड चेकिनचं ‘ब्लड अँड जजमेंट’, 1986, चार अंक. इथे भांडणं होणार, तयारीत राहा. चेकिनने शॅडोला त्याच्या काळातून उचलून 1980च्या दशकात आणून टाकलं. शॅडो तसाच तरुण, आणि त्याची माणसं म्हातारी झालेली. शिवाय कुणीतरी त्यांना शोधून शोधून मारतंय. जुन्या चाहत्यांना हे भयंकर झोंबलं, कारण हिंसा आणि शृंगार दोन्ही उघड आहेत, आणि शॅडो तर सरळ तिरस्करणीय आहे. मला हे पुस्तक आवडतं, आणि कारण तेच, वरच्या कसोटीतलं. ज्यांनी या माणसासाठी आयुष्य घातलं त्यांना त्याबदल्यात काय मिळालं, हा प्रश्न दुसऱ्या कुणी इतक्या निष्ठुरपणे विचारलेला नाही. फक्त घरातल्या मुलांच्या हाती लागू देऊ नका.

याच्याच पाठोपाठ 1987मध्ये सुरू झालेली अँडी हेल्फरची मालिका हा वेगळाच मामला. आधी बिल सिंकेविच, मग काइल बेकर अशी चित्रकार मंडळी, काळा विनोद, आणि शेवटी शॅडोचं मुंडकं यंत्रमानवाच्या धडावर! तिथेच, 19व्या अंकाला, मालिका बंद पडली. गोष्ट अर्धीच राहिली. मी ही आठ बुधवारांत घेतली नाही. ज्याला चेकिन वाचून ‘अजून दे’ असं वाटलं, त्याला बाजूला घेऊन सुचवा.

पाचव्या बुधवारी विश्रांती म्हणून ओ’नील-कलुटा जोडीचंच, मार्व्हलने 1988मध्ये काढलेलं ‘हिटलर्स अ‍ॅस्ट्रॉलॉजर’. एकाच पुस्तकात संपतं, मोठ्या आकाराचं आहे. सहाव्या बुधवारी ‘द शॅडो स्ट्राइक्स’, 1989 ते 1992, 31 अंक, एदुआर्दो बरेटोची स्वच्छ चित्रं, पुन्हा तीसचं दशक. यातले पाचवा आणि सहावा अंक पुरेत, त्यात पल्पमधलाच दुसरा नायक डॉक सॅव्हेज येतो. सातव्याला डायनामाइट या प्रकाशकाचा 2012चा गार्थ एनिस आणि आरन कॅम्पबेल यांचा शॅडो, पहिले सहा अंक. काळ 1938, पार्श्वभूमीला जपानने चीनवर लादलेलं युद्ध. एनिस युद्धकथांचा लेखक आहे, ते प्रत्येक पानावर जाणवतं. रक्तपात भरपूर. माझ्या कसोटीवर हे पुस्तक अर्धंच उतरतं, शॅडो जरा जास्तच वेळ समोर असतो. पण चेकिनच्या पुस्तकाने दुखावलेली मंडळी इथे परत येतात.

आठव्याला शॅडोचा प्रतिस्पर्धी: स्पायडर. कोळीवाला मार्व्हलचा नव्हे! हा रिचर्ड वेंटवर्थ, 1933 ते 1943, मासिकाचे 118 अंक, बहुतेक कादंबऱ्या नॉरव्हेल पेजच्या. शॅडो थंड डोक्याचा, हा तापट. एकेका कादंबरीत अर्धं न्यूयॉर्क मरतं. त्याचा सेवक राम सिंग, सुरेफेकीत पटाईत. लेखकांनी त्याला सुरुवातीला हिंदू म्हटलं आणि पुढे शीख करून टाकलं. वाचताना आपल्याला हसू येतं, चीडही येते. टिमथी ट्रुमनने एक्लिप्स या प्रकाशकासाठी 1991मध्ये केलेली कॉमिक्स मिळाली तर ती, नाहीतर डायनामाइटची 2012ची डेव्हिड लिसने लिहिलेली.

राम सिंगवरून आठवलं, एक गोष्ट सुचवतानाच सांगून टाकावी. पल्पमध्ये पूर्वेकडचा माणूस एकतर स्वामिनिष्ठ नोकर असतो नाहीतर खलनायक. शॅडोचा सगळ्यात गाजलेला शत्रू शिवान खान हा चंगेजखानाचा वंशज म्हणून रंगवलेला, आणि त्या वर्णनात वंशद्वेष ठासून भरलेला आहे. मी हे न सांगता एकाला शिवान खानची एक कादंबरी दिली होती. त्याने दहा पानांत ती परत केली, आणि त्याचं बरोबर होतं.

मिळवायचं कसं

शोधताना चार गोष्टी एकत्र टाका: नाव, साल, प्रकाशक, चित्रकार. नुसतं नाव टाकलं की माझ्यासारखं पाकीट येईल. सुटे जुने अंक परदेशातून मागवले तर अंकापेक्षा टपालखर्च जास्त होतो, म्हणून संकलित पुस्तक बघा. कलुटाचे पाचही अंक 1989च्या ‘द प्रायव्हेट फाइल्स ऑफ द शॅडो’मध्ये एकत्र आहेत. चेकिनचे चार अंक डायनामाइटने पुस्तकरूपात पुन्हा काढले. असं पुनर्मुद्रण कायम मिळत नाही, कारण पात्राचे हक्क काँडे नास्टकडे आहेत आणि कॉमिक्सचा परवाना एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे फिरत असतो. परवाना गेला की पुस्तकही दुकानातून जातं, डिजिटलसुद्धा. दिसलं की घ्या. मुंबईत माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे पदपथावरचे पुस्तकवाले किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौक, इथे चक्कर मारताना नाव सांगून ठेवायला हरकत नाही, पण भरवसा ठेवू नका.

मुखपृष्ठावरचा महिना बघूनही फसू नका. अमेरिकन अंकांवर छापलेला महिना प्रत्यक्ष विक्रीच्या पुढचा असतो. विक्रेता ‘नोव्हेंबर’ म्हणतो तेव्हा तो अंक तिथल्या उन्हाळ्याअखेरीला, म्हणजे ऑगस्टमध्येच स्टॉलवर आलेला असू शकतो.

नव्या अंकांतून निवडायचं झालं तर

आठ बुधवार संपले की गट विचारणारच, आता या आठवड्यात नवं काय? तेव्हा सगळी यादी चाळत बसू नका. नवीन अंकांची घोषणा दोन-तीन महिने आधी होते, दुकानदारांना शेवटची मागणी साधारण तीन आठवडे आधी द्यावी लागते, आणि उरलेला माल बहुधा परत करता येत नाही. म्हणून जाहिरातीचा सगळा जोर पहिल्या अंकावर आणि त्याच्या पाच-सहा पर्यायी मुखपृष्ठांवर असतो. मुखपृष्ठ काढणारा एक आणि आतली पानं काढणारा दुसराच, हे नेहमीचं. आतली तीन-चार पानं नमुना म्हणून जाहीर होतात, ती बघूनच ठरवा.

मी तिसरा अंक येईपर्यंत नवी मालिका सुचवत नाही. एका अंकात गोष्टीची पानं वीस-बावीस, किंमत 4 ते 5 डॉलर. पहिल्या अंकात सगळेच बरे दिसतात, तिसऱ्यात चित्रकार बदललेला असतो किंवा गोष्ट ढेपाळलेली असते. महिन्यात चार बुधवार, त्यातले दोन जुन्यासाठी, एक नव्यासाठी, आणि एक चक्क रिकामा ठेवा. सांगण्यासारखं काही नसताना सुचवलं की पुढच्या वेळी कुणी उघडत नाही.

लिहिताना कथानक सांगू नका. कुणी काढलंय, कुठून सुरू करायचं, किती पानं, आणि कुणी वाचू नये, एवढं पुरतं. शेवटचं मात्र टाळू नका. चौथ्या बुधवारी मी गटावर टाकलेला मजकूर असा होता:

“ब्लड अँड जजमेंट. हॉवर्ड चेकिन, डीसी, 1986. चार अंक, एका बैठकीत होतात. आधीचं काही वाचलेलं नसलं तरी चालेल, पण कलुटा वाचून आलात तर जास्त लागेल. शॅडो परत येतो, त्याची माणसं मात्र म्हातारी झालीत. चित्रांची मांडणी गच्च आहे, पहिली दहा पानं सावकाश वाचा. ज्यांना नायक आवडायलाच हवा असतो त्यांनी आणि अठराच्या आतल्यांनी लांब राहा.”

तासाभराने आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ सभासदांचा निरोप आला. त्यांनी शॅडोबद्दल एक शब्द लिहिला नव्हता. विचारलं होतं, “तो टॅक्सीवाला वाचतो ना रे?”

मी लिहिलं, “वाचून बघा काका.”